कागदातला केस

मंगळवारी ताई वारली.

जुन्या सुती कापडांच्या लगद्यापासून कागद करून आम्ही दोघी बहिणी शुभेच्छापत्रं विकायचो. तिचा एखादा लांब केस लगद्यात पडायचाच. मी चिडले की म्हणायची, "असू दे गं, माझी सही आहे ती."

महिन्याभराने मी टब घासून, नवा लगदा कालवून एकटीनेच कागद केला. दिवाळीच्या प्रदर्शनात एका बाईंनी कार्ड उजेडाकडे धरलं.

"अहो, यात लांब केस आहे! दुसरं द्या."

दुसऱ्यातही होता. तिसऱ्यातही. माझे केस कानापर्यंतच आहेत.

लगद्यात कुणाची साडी, कुणाची चादर हे उरत नाही. माणूस मात्र तसा विरत नसावा.

पुढच्या कागदात केस नसला तर, या भीतीने मी नवा लगदा कालवलेला नाही. आता कपाटात त्या कागदाची, न विकलेली वीस कार्डं आहेत.