न मिटणारा डोळा

बोलता बोलता त्यांचा पंजा एकदम तुमच्या डोळ्यांवर यायचा आणि चार बोटांच्या अंतरावर थांबायचा. पापणी लवली की ते खुशीत ओरडायचे, "मिटला! जाय, बस खाली!"

हे आमच्या दिग्रसच्या शाळेचे ड्रिल मास्तर. वऱ्हाड मुंबई राज्यात गेला त्या सुमाराची गोष्ट. क्रिकेटचा यष्टिरक्षक निवडायची त्यांची ही एकमेव परीक्षा. "चेंडू कोनीबी झेलते बे! डोया उघडा ठेवनारा पायजे." त्यांनी स्वतः जन्मात एखादा तरी चेंडू झेलला होता का, हे विचारायची आमची छाती नव्हती. असा एक मास्तर तुम्हालाही भेटला असेल. खेळ येत नाही, म्हणूनच ज्याच्या गळ्यात शिट्टी अडकवलेली असते.

शाळेत हातमोज्यांचा एकच जोड होता. तो कायम कपाटात, कुलपात. "वापरले तं जुने होतीन ना!" त्यामुळे यष्टिरक्षकाचा सराव म्हणजे ओणवे बसून मास्तरांच्या पंजाकडे टक लावणे. चेंडू त्यात कुठेच नसे.

मला यष्टिरक्षक व्हायचे होते. आमच्या घरातून शाळेत आलेला मी पहिलाच. वर्गात तोंड उघडायची धास्ती वाटे, पण झेलणे मला येत होते. वावरात भाऊ लांबून मातीची ढेकळे फेकायचा आणि मी ती न फुटू देता झेलायचो. ढेकूळ हातात येता येता हात मागे घ्यावे लागतात, नाहीतर ओंजळीत नुसती माती उरते.

पुसदच्या शाळेशी सामना ठरला आणि मी मास्तरांपुढे उभा राहिलो. पंजा आला. पापणी लवली.

"मिटला!"

"सर, एक चेंडू तं फेकून पाहा."

"कायले? दिसलं मले."

माझ्या वर्गातल्या बंडूची पापणी मात्र लवली नाही. मास्तरांनी पुन्हा पुन्हा पंजा आणला. बंडू देवळातल्या नंदीसारखा बघत राहिला. "याले म्हनते कीपर! शिका रे!" मला त्यांनी लाँगस्टॉपला ठेवले. म्हणजे बंडूच्या मागे, त्याने सोडलेले चेंडू अडवायला.

सामन्यात बंडूचे डोळे सताड उघडे, हातमोजे कोरे करकरीत आणि चेंडू सगळे माझ्याकडे. शेवटी आमचा कप्तान, तांड्यावरचा रामधन, सीमेवर उभ्या मास्तरांकडे तोंड करून ओरडला, "सर, याले मांगं पाठोतो, त्याले पुढं आनतो!"

"खबरदार! पापनी हालवून राह्यला काय तो?"

"नाही सर. पन हातबी नाही हालवून राह्यला!"

पुढचाच चेंडू बंडूच्या नाकावर बसला. तेव्हाही डोळे उघडेच. आम्ही हरलो. डॉक्टरांनी त्याचे नाक पाहिले, मग डोळे पाहिले. ते फार अधू होते. धडे तो ऐकूनच पाठ करायचा, म्हणून कोणाला कळले नव्हते. मास्तरांचा पंजा त्याला आलेला दिसतच नव्हता.

"चष्मा लागला तं लागला," मास्तर म्हणाले. "पोरगा भेला काय?" पुढल्या वर्षीही परीक्षा तीच, आणि मी शाळा सोडेपर्यंत लाँगस्टॉपच.

त्या शाळेचे उपकार मी विसरणार नाही. मी बी. ए. झालो तो तिच्या शिक्षकांमुळे. पण या मास्तरांचे आभार कशाबद्दल मानावेत, ते मला अजून सुचलेले नाही.

बी. ए. पास झाल्यावर शाळेच्या सगळ्या शिक्षकांना पेढे दिले. त्यांच्याकडे सर्वांत शेवटी गेलो, तेही नाइलाजाने. ते ओसरीत बाजेवर बसले होते. मी हाक मारली, तेव्हा त्यांनी मला आवाजावरून ओळखले. "लाँगस्टॉप नाही काय तू?" मी पुढे केलेला पेढा त्यांनी बराच चाचपडून घेतला. मग एकदम ताठ बसले.

"आन तुहा पंजा. पाह्य, माहा डोया मिटते काय."

मी हात नेला. बरोबर चार बोटांवर थांबवला. पापणी लवली नाही. मी तसाच हात धरून उभा राहिलो.

"आनून राह्यला का नाही बे?" ते म्हणाले. "भेला काय?"