चादरीमागचा हात

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असता तर नसतंच सांगितलं, एवढा काही मी धीट नाही.

मीरा रोड-भाईंदरकडे घरी गाणी ऐकायचा नाद असलेले लोक अँप्लिफायर घ्यायच्या आधी मला फोन करतात. ‘आवाज कोरडा वाटतोय हो, जरा ऊब पाहिजे, काय करू?’ मी ऐटीत सांगतो — स्पीकर राहू देत, आधी प्रीअँप बदला. प्रीअँप म्हणजे मोठ्या अँप्लिफायरच्या अलीकडे बसणारा छोटा डबा. आवाज कमी-जास्त करायचं बटण त्याच्यावरच असतं. त्यात जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे व्हॉल्व्ह असले, तर गाणारा समोर येऊन बसल्यासारखा वाटतो. मग लोक म्हणतात, काय कान आहेत तुमचे! हे ऐकलं की मला स्वतःची शिसारी येते. खोटं कशाला बोलू — आधी बरं वाटतं, मग शिसारी येते.

इनासकाका आमच्या गाणी ऐकणाऱ्यांतलेच, भाईंदरजवळच्या उत्तन गावचे. घर कोळ्यांचं, पण काकांनी आयुष्य वायरिंगच्या कामात घालवलं. शिवाय चर्चमध्ये गाणाऱ्यांचे सूर तेच जुळवून द्यायचे. कोण किती खाली गातोय ते त्यांना लांबून कळायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने व्हॉल्व्हचा एक प्रीअँप बनवला. वर्षभर खपले. मग तो पिशवीत घालून, बस बदलत, पेणकरपाड्याला माझ्या घरी आले. ‘महेश, तू ऐक,’ म्हणाले. ‘तू बरा म्हनलास तर बरा.’

मी ऐकला. पहिल्याच ओळीला मला कळलं — माझ्या परदेशी प्रीअँपपेक्षा हा चांगला आहे. थोडा नाही, खूप. आणि मला काय वाटलं असेल? आनंद? छे. त्या परदेशी डब्याबद्दल मी वर्षभर सगळ्यांचे कान किटवले होते. आता हा म्हातारा पिशवीतून काहीतरी काढणार आणि माझी फजिती होणार?

‘रविवारी सगळ्यांसमोर लावू,’ मी म्हणालो.

रविवारी दुपारी आम्ही पाच-सहा जण माझ्या हॉलमध्ये जमायचो. दोन डब्यांची तुलना करायची आमची एक पद्धत होती. डबे चादरीमागे ठेवायचे, कोणता वाजतोय ते सांगायचं नाही. आणि त्याआधी आवाज मोजायचा मीटर लावून दोन्हींचा आवाज अगदी सारखा करायचा. कारण जो जरा मोठा वाजतो तो कानाला भरदार लागतो. मोठा आहे हे लक्षातच येत नाही, चांगला आहे असंच वाटतं. चादरीमागे बसायचा मान माझा. दुसऱ्या कोणावर एवढा विश्वास नव्हता ना!

मीटर मी सगळ्यांसमोर लावला. आकडे सारखे आले, सगळ्यांनी पाहिले. मग चादरीमागे गेलो आणि काकांच्या डब्याचं बटण मागे घेतलं. किती? केसभर. जेमतेम नख हललं असेल. झालं एवढंच. बोटं थरथरली असं लिहायला बरं वाटलं असतं — पण नाही थरथरली.

दोन्ही वाजवून झाले, कोणता चांगला त्याला हात वर करायची वेळ आली. सगळे म्हणाले पहिला पातळ, दुसरा भरदार. इनासकाकांनीही दुसऱ्याला हात वर केला. मी चादर काढली. पहिला त्यांचाच होता.

ते चिडले असते, पुन्हा लाव म्हणाले असते, तर कदाचित — नाही, तरी मी बोललो नसतो. ते नुसते डब्याकडे बघत बसले. मग म्हणाले, ‘घरी तर भरून वाजायचा. म्हंजे माजे कानच गेले रे.’ एकाने पाठीवर हात ठेवला. मी चहा टाकायला आत गेलो. हो, चहा!

डबा ते माझ्याकडेच ठेवून गेले. सुटे भाग तरी तुझ्या कामाला येतील, म्हणाले. पुन्हा त्यांनी काही बनवलं नाही. चर्चमधलं सूर जुळवणंही सोडलं; स्वतःच्या कानांवर भरवसाच राहिला नव्हता. हे मला त्यांच्या मुलीने सांगितलं, वर म्हणाली, दादा, तुम्ही समजवा ना त्यांना. मी ‘बघतो’ म्हणालो.

सुटे भाग मी काढले नाहीत. त्यांचा प्रीअँप माझ्या शोकेसच्या खालच्या खणात, जाळीच्या दाराआड जोडलेला आहे. वर परदेशी डबा आहे. त्याचा दिवा लागतो, पण तो कशालाच जोडलेला नाही. माझ्या घरच्या ज्या आवाजाची लोक तारीफ करतात, तो काकांचा आवाज आहे. किळस आली ना? मला रोज येते, आणि रोज मी तोच लावतो.

गेल्या महिन्यात ते आले होते, सुके बोंबील घेऊन. नेहमीच्या खुर्चीत डोळे मिटून बसले. गाणं संपेपर्यंत हलले नाहीत. ‘ह्ये हाय बग,’ वरच्या डब्याकडे बोट करून म्हणाले. ‘ह्ये मला न्हाय जमला.’

मी म्हणालो, ‘कंपनीचा माल तो, काका.’ आणि पुढचं गाणं लागलं तेव्हा, उगाच ऐट म्हणून, आवाज वाढवतोय असं दाखवत वरच्या डब्याचं बटण फिरवलं. आवाज वाढला नाही, वाढणारच नव्हता. काकांनी मान तिरकी करून ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग हसले.

‘बग,’ म्हणाले, ‘तू वाढवलास, आनि मला फरकच न्हाय कळला.’