पाणम्हातारीचं नाक

माझ्या आत्याने सव्वीस वर्षं शाळेच्या पुस्तकांसाठी बेडूक काढले. बेडूक, फुलाचा उभा छेद, कानाचा आतला भाग, ज्वालामुखीचं पोट. छापखान्याच्या मागच्या खोलीत, उतरत्या मेजावर वाकून. खरी वस्तू समोर असल्याशिवाय ती पेन्सिल उचलायची नाही. एकदा फुफ्फुसाचं चित्र हवं होतं, तर खाटकाकडून फुफ्फुस आणून तिने बशीत मांडलं. त्या दिवशी संपादकांनी डबा उघडलाच नाही म्हणतात.

मग छापखान्याने चित्रकारांची खोलीच बंद केली. आत्या त्रेपन्न वर्षांची होती. लग्न केलेलं नव्हतं, माझ्या वडिलांच्या म्हणजे तिच्या धाकट्या भावाच्या घरी, आमच्यातच राहायची. चार महिने तिने माझ्याकडून संगणकाच्या पाटीवर चित्र काढायला शिकून घेतलं. माझ्यावर ओरडत, पाटीवर ओरडत, पण शिकली. आणि लहान मुलांसाठी मोबाइलवरचे खेळ बनवणाऱ्या एका तीन खोल्यांच्या कंपनीत तिला काम मिळालं.

कंपनीचा मालक बत्तीस वर्षांचा. त्याच्या प्रत्येक वाक्यात 'झटपट' हा शब्द यायचा, म्हणून पाठीमागे सगळे त्याला झटपटच म्हणत. खेळ चालता-बोलता करण्याचं काम एका मुलीकडे होतं. जाड भिंगांचा चष्मा, बोलणं कमी. पहिल्याच दिवशी तिने आत्याला "काकू, चहा?" असं विचारलं.

"काकू म्हणू नकोस," आत्या म्हणाली. "मी कुणाच्या काकाशी लग्न केलेलं नाही."

"मग काय म्हणू?"

"आत्या म्हण. भाऊ आहे मला."

तेव्हापासून चष्मेवालीसाठी ती आत्या झाली.

आत्याकडे आलेला पहिला खेळ आमच्या नदीकाठच्या एका जुन्या गोष्टीवरचा होता. गोष्ट अशी, की डोहात एक पाणम्हातारी राहते. नदी ओलांडायची तर तिच्या दगडांवरून जावं लागतं. प्रत्येक दगडावर ती एक प्रश्न विचारते. खरं बोललं की पुढचा दगड वर येतो. खोटं बोललं की पायाखालचा दगड बुडतो आणि माणूस ओल्या कपड्यांनिशी पुन्हा काठावर. खेळही तेवढाच होता. उड्या मारायच्या आणि खरं बोलायचं.

"मॅडम," झटपट म्हणाला, "इंटरनेटवर चेटकिणी ढिगाने पडल्यात. हिरवा चेहरा, वाकडं नाक, टोकदार टोपी. दहा-बारा बघा आणि झटपट एक करून टाका."

"टोपी पाण्यात डोक्यावर राहील?"

"मॅडम, खेळ आहे हो."

"आणि ही चेटकीण नाही, पाणम्हातारी आहे. मी बघितल्याशिवाय काढत नाही."

"पाणम्हातारी कुठे बघणार तुम्ही?" तो हसला.

"ज्यांनी बघितलीय त्यांच्याकडे," आत्या म्हणाली. तिने दोन आठवडे मागितले, त्याने दहा दिवस दिले.

पहिली भेट आमच्या जिन्याखाली कपड्यांना इस्त्री करणाऱ्या बाईची. ती नदीपलीकडची होती, गोष्ट तिला तोंडपाठ. केस कसे? लांब, शेवाळात गुंतलेले, कुठे केस संपतात आणि कुठे शेवाळ सुरू होतं कळायचं नाही. नाक कसं? इस्त्री हवेतच थांबली. "नाक? अहो, ती पाण्यात राहते, नाकाचं कुणाला पडलंय!"

दुसरा म्हातारा नावाडी. पूल झाल्यापासून मुलाच्या घरी चौथ्या मजल्यावर खिडकीशी बसून असायचा. त्याने म्हातारी पुरी पाहिलीच नव्हती. फक्त हात. "पाण्यातून वर येतो," तो म्हणाला आणि स्वतःचा वल्ह्याने रुंद झालेला पंजा त्याने उघडून दाखवला. आत्याने तो पंजा कागदावर ठेवायला सांगून भोवतीने पेन्सिल फिरवली.

तिसरी रुग्णालयातली आया. तिने आधी हातातली चादर घडी करून ठेवली. मग म्हणाली, "खरं सांगू? मला ती माझ्या आईसारखीच दिसायची. गोष्ट ऐकताना समोर आईच असायची ना."

आत्याने हे वाक्य वहीत लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. असं ती कधी करत नसे.

पुढचे दिवस आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. ती रोज नदीवर जायची आणि पाण्याचा रंग कागदावर उतरवून आणायची. नऊ कागदांत निळा एकदाही नव्हता. मातकट, हिरवट, आणि एकदा भर दुपारचा चक्क पांढरा. काळ्या कागदातून तिने म्हातारीच्या आकृत्या कापल्या, भिंतीला लावल्या आणि मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं. "काय दिसतं?" "झाड." फाडला. "काय दिसतं?" "कपड्यांचा ढीग." फाडला. सोळावा कागद बघून मी म्हणाले, "कुणीतरी बाई वाकून माझ्याकडे बघतेय." तो राहिला.

आमच्या इमारतीतल्या चार-पाच वर्षांच्या सगळ्या मुलांच्या बोटांचे ठसेही तिने शाईच्या गादीवर घेतले. खेळातला दगड त्या बोटाखाली झाकून गेला, तर मूल उडी मारणार कुठे? मुलांच्या आया शाईचे कपडे घेऊन दारात भांडायला आल्या. आत्याने त्यांनाही पाणम्हातारीबद्दल विचारून घेतलं.

अकराव्या दिवशी तिने चित्र मांडलं. ते बघायला मीही गेले होते. रुंद खांद्यांची म्हातारी, केस पाण्यात वाहत गेलेले, पुढे आलेला भला मोठा हात, आणि चेहरा अगदी साधा. थकलेला, जरा रागीट, नाक थोडं बसकं.

झटपट बराच वेळ बघत राहिला. "मॅडम, ही तर कुणाची तरी आई वाटते."

"हो."

"मग मुलं घाबरणार कशी?"

"का? आईला घाबरत नाहीत?"

चष्मेवाली फिस्सकन हसली आणि झटपटच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चेहरा हिरवा हवा आणि नाक वाकडं हवं, तो म्हणाला. मुलांना बघताक्षणी कळलं पाहिजे, वाईट कोण.

"ती वाईट नाहीच. खोटं बोलणाऱ्याला भिजवते फक्त."

"एका नाकाचं तुम्हाला एवढं काय लागतंय?"

आत्याने चष्मा काढला. तिचं नाक खरंच मोठं आहे, मध्ये उंचवटा असलेलं. आमच्या घरात ते तिलाच मिळालंय. "शाळेच्या नाटकात मला सलग चार वर्षं चेटकीण केलं," ती म्हणाली. "संवाद मला सगळ्यांचे पाठ असायचे. राणीचे, परीचे, सगळ्यांचे. पण बाई म्हणायच्या, तुला रंगरंगोटीसुद्धा लागत नाही. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. मी दुसऱ्या कुणा मुलीला ते ऐकायला लावणार नाही."

 मग झटपट म्हणाला, "ठीक आहे. मुलांनाच विचारू." हे बोलणं रास्तच होतं. आत्यानेही मान डोलावली.

त्याने बाहेरून एक हिरवी चेटकीण करून आणली. एका बालवाडीत, आत्या आणि मी हजर असताना, वीस मुलांपुढे दोन्ही चित्रं ठेवली आणि ज्या म्हातारीशी खेळायचंय तिला हात लावा म्हणून सांगितलं. बारा मुलांनी हिरवीला हात लावला, आठांनी आत्याच्या म्हातारीला.

"बघा," झटपट म्हणाला.

मला वाटलं, आता आत्या नमेल. परत येताना ती माझ्यापुढे भराभर चालत होती. तिला लागलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी म्हणाली, "हिरवी त्यांनी आधी शंभरदा पाहिलीय. ओळखीच्या माणसाकडेच जातं मूल. माझ्या म्हातारीची ओळख कुणी करून दिली त्यांना?" थोडं पुढे गेल्यावर तिने विचारलं, "ती झिपऱ्या केसांची मुलगी पाहिलीस? माझ्या म्हातारीला काय म्हणाली, तुझे हात गारठत नाहीत का?"

दुसऱ्या दिवशी झटपटने निकाल सांगितला. संध्याकाळपर्यंत नाक आणि रंग बदलून द्यायचा.

"मी नाही बदलणार."

"मॅडम, नोकरीचा प्रश्न आहे."

"प्रश्न तुमचा आहे. माझं उत्तर देऊन झालंय."

"दुसरं कुणीही पाच मिनिटांत नाक लावेल."

"लावू दे. माझ्या हातून लागणार नाही." आणि मग तिने अगदी शांतपणे विचारलं, "म्हणजे माझी म्हातारी तुम्हाला नको. बरोबर? तसं लिहून द्या."

"काय लिहून द्या?"

"हे चित्र आम्हाला नको, बाईंनी ते कुठेही वापरावं, आमची हरकत नाही."

तो वैतागला होता. समोरचा कागद ओढून त्याने दोन ओळी खरडल्या, खाली सही ठोकली आणि कागद तिच्याकडे सरकवला. आत्याने कागदाची घडी घातली, पेन्सिली आणि भिंग पिशवीत टाकलं आणि घरी आली.

वडिलांचा पारा चढला. "एका नाकापायी नोकरी घालवलीस? स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास!"

"धोंडा माझा, पाय माझा," आत्या म्हणाली. "तुला कुठे लागलं?"

ते आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. मीठ हवं असलं तरी माझ्यामार्फत मागायचे.

रविवारी चष्मेवाली दारात उभी राहिली, पाठीवर लॅपटॉपची पिशवी. "आत्या, उड्या मारायला लावणं मला येतं. गोष्ट काही त्यांच्या मालकीची नाही. करायचं?"

तिने कंपनीतली एक ओळही आणली नव्हती, सगळं पहिल्यापासून लिहिलं. पाच रविवार लागले. तिच्या खोलीत, आमच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर, एकदा तर इस्त्रीच्या टेबलाशेजारी बसूनसुद्धा. खेळातल्या मुलीने वाटेत पक्ष्याचं फळ खाल्लेलं असतं, कुणाची चप्पल लपवलेली असते, आणि म्हातारी नेमकं तेच विचारते. ते प्रश्न रुग्णालयातल्या त्या आयाच्या आवाजात आहेत. तिने ते मुलांना झोपवतानाच्या आवाजात विचारले, आणि त्यामुळेच खोटं बोलायला जीव होत नाही.

खेळ दाखवायला आत्या नावाड्याकडे गेली. त्याने लॅपटॉप मांडीवर घेतला, डोळे बारीक केले. "हात लहान झालाय."

"तुमच्याच पंजाच्या मापाचा आहे."

"माझा म्हातारा झाला. तिचा होत नाही."

दोघांची चांगली जुंपली. शेवटी आत्याने हात मोठा केला.

सार्वजनिक वाचनालयाच्या मुलांच्या खोलीत दोन जुने संगणक धूळ खात पडले होते. तिथल्या ग्रंथपालबाईंनी आधी नाक मुरडलं. "मुलं घाबरली तर?"

"थोडी घाबरायलाच हवीत," आत्या म्हणाली. "पाणी खोल आहे."

बाईंनी स्वतःच खेळून बघितलं. दुसऱ्याच दगडावर खोटं बोलल्या आणि भिजल्या. पुन्हा पहिल्यापासून खेळल्या. मग म्हणाल्या, "ठेवा."

झटपटचा खेळही निघाला. हिरव्या चेटकिणीचा. तो बऱ्यापैकी चालतो, कितीतरी मुलं खेळतात. आत्याने तो माझ्या मोबाइलवर पूर्ण खेळून पाहिला. "उड्या छान घेतल्यात," म्हणाली, आणि मोबाइल परत दिला.

वाचनालयात दिवसाला सहा-सात मुलं येतात, सुट्टीत दहा. वडील एकदा म्हणाले, "एवढ्यासाठी केलंस सगळं?" आत्या म्हणाली, "सहा म्हणजे काय कमी झाले? एकेकाला नीट बघ जरा, किती मोठा असतो तो." आता ती अर्धा दिवस वैद्यकीय महाविद्यालयासाठी हाडांचे तक्ते काढते. बुधवारी वाचनालयात बसते, मुलं कुठे अडतात ते वहीत लिहिते. आणि सध्या दुसरी गोष्ट चाललीय, लंगड्या घोड्याची. त्यासाठी गेले चार दिवस ती शहराबाहेरच्या तबेल्यात जाऊन उभी राहते. तिथला मोतद्दार परवा मला म्हणाला, "तुमच्या आत्यांना सांगा, घोडा आता लाजायला लागलाय."

मी सांगितलं. ती म्हणाली, "लाजू दे. उद्या जवळून बघते."