कंडक्टरची दुसरी घंटी

कंडक्टर अपमान विसरत नसत. काही माणसे अपमान गिळतात, काही तिथल्या तिथे भांडून मोकळी होतात. कंडक्टर तो जपून ठेवीत. त्यांची उभी हयात एस.टी.त गेली होती आणि दोरी ओढून घंटी देण्याची रीत त्यांच्या अंगात मुरली होती : एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. एखादे प्रकरण मिटले असे कोणी म्हटले की ते शांतपणे विचारीत, "दुसरी घंटी कोणं देल्ली?"

आर्णीत ते माझे शेजारी. निवृत्तीनंतरही सारी गल्ली त्यांना कंडक्टरच म्हणे आणि त्यांना ते आवडे. खाकी उतरली तरी पद उतरले नाही, अशी त्यांची समजूत होती. ती समजूत चौकातल्या मिस्त्रीने मोडली.

कंडक्टरांची जुनी मोटारसायकल तेल खाऊ लागली, म्हणून त्यांनी ती पिस्टनला नव्या रिंगा घालायला या मिस्त्रीकडे दिली. परत आली ती पूर्वीपेक्षा दाट, निळा धूर सोडीत. तक्रार घेऊन आम्ही दोघे गेलो. बाजाराचा दिवस होता, चौक भरलेला होता. मिस्त्री बसल्या जागेवरून उठला नाही. म्हणाला, "गाडीत काही खराबी नाही, कंडक्टर. तुमाले चालवता येत नाही. जिंदगीभर तुमी दोरी ओढली, गाडी दुसऱ्यानं चालवली." लोक हसले. हसू ओसरते आहे असे पाहून त्याने पुढचे टाकले, "तेल गेलं, तूप गेलं, अन् कंडक्टरच्या हाती धुपाटणं आलं."

म्हण इतकी चपखल बसली की ती चिकटली. आठवडी बाजार पुन्हा भरण्याच्या आत कंडक्टरांचे धुपाटणे झाले. चहावाला पोऱ्याला सांगे, "धुपाटण्याले एक कट दे." इतक्या वर्षांचे पद एका वाक्यात गेले. त्या दिवशी धुरातून घरी परतताना मी विचारले की तुम्ही उलट का बोलला नाहीत. मान न वळवता ते म्हणाले, "एक घंटी झाली, साहेब."

त्यांनी इंजिन घरीच, ओसरीवर उघडले. पाना कधी हाती धरलेला नव्हता. राळेगावला गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे जाऊन, समोर बसून, ते शिकून आले होते. पिस्टन बाहेर आला तेव्हा मी तिथेच होतो. रिंगेच्या ज्या बाजूवर अक्षर कोरलेले असते ती वर यावी लागते. मिस्त्रीने मधली रिंग उलटी घातली होती. शिवाय तिन्ही रिंगांची तोंडे, म्हणजे टोकांमधल्या फटी, एका रेषेत होती. तेलाला वर चढायला त्याने जणू जिनाच बांधून दिला होता. मी म्हणालो, हा पिस्टन असाच चौकात नेऊन ठेवा, चार लोकांना दाखवा. कंडक्टरांनी मान हलवली. "लोक रिंगेकडे पाह्यतीन. मले त्याचं तोंड पाहाचं हाय."

नव्या रिंगा आणल्या. पहिली चढवताना त्यांनी जोर केला आणि ती कट्कन मोडली. वहिनी आतून म्हणाल्या, "वाढली का?" बांगडी फुटली असे बायका म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. त्या बाहेर आल्या आणि नवऱ्याची बोटे बाजूला सारून म्हणाल्या, "कासार कधी बांगडी ताणते का? हात नरम करते अन् सरकवते. सरका तिकडे." रिंगेची दोन टोके अंगठ्यांनी लागेल तेवढीच उघडून त्यांनी ती खाचेत उतरवली. तिन्ही तोंडे तीन दिशांना केली, तेल लावले. वरून कंडक्टर सिलिंडर उतरवू लागले, खाली वहिनी एकेक रिंग बोटांनी दाबून आत घेऊ लागल्या. "कोणाले भरून राह्यलो आपण ह्या बांगड्या?" त्यांनी विचारले. कंडक्टर म्हणाले, "त्या मिस्त्रीले."

धूर थांबला. त्यानंतर प्रत्येक बाजाराच्या दिवशी कंडक्टर पांढरा सदरा घालून त्या दुकानासमोर गाडी उभी करीत. इंजिन चालू ठेवीत. रेस वाढवून धुराच्या नळीच्या मागे एक पांढरा रुमाल धरीत, मग त्याच रुमालाने सावकाश तोंड पुसून निघून जात. मिस्त्री पाठ फिरवून बसे. नाव मात्र त्याने परत घेतले नाही, आणि त्याने घेतल्याशिवाय गावही घेणार नव्हते. कंडक्टरांना तेवढेच हवे होते : ज्या चौकात दिले, त्याच चौकात परत.

गेल्या उन्हाळ्यात ते वारले. आम्ही स्मशानातून परतत होतो तेव्हा चौकातल्या टपरीवर मिस्त्री कोणाला तरी सांगत होता, "धुपाटणं विझलं." मी ऐकले. वहिनींना सांगितले नाही. त्यांच्या कानावर ते माझ्याआधीच गेले होते.

दिवस झाल्यावर त्यांनी मला बोलावले आणि किल्ली हातावर ठेवली. "इकू नका. बाजाराच्या दिवशी तेवढी तिकून नेत जा. रुमाल धुऊन डिक्कीत ठेवला हाय."

या वयात असले उद्योग शोभत नाहीत, असे माझ्या मुलाचे मत आहे. मी दर बाजाराला जातो. गाडी उभी करतो, रुमाल धरतो, तोंड पुसतो.

मागच्या आठवड्यात बाजार नसताना त्या रस्त्याने गाडीवरून जाणे झाले. चौक रिकामा होता. मिस्त्री आपणहून दुकानाबाहेर आला. तोही आता थकला आहे. इकडे तिकडे पाहून, खालच्या आवाजात म्हणाला, "काकाजी, कंडक्टर साहेबानं रिंगा चांगल्या बसवल्या होत्या. आता तरी सोडा."

धुपाटणे हे नाव दिल्यापासून इतक्या वर्षांत त्याने ते पद प्रथमच उच्चारले. ऐकायला चौकात कोणी नव्हते.

मी म्हणालो, "हे बाजाराच्या दिवशी बोला." मग बोटाच्या पेराने पेट्रोलच्या टाकीवर टकटक केली. एकदाच.