कुंडलच्या बागेतले आकडे

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. आणि मी म्हणजे कोण — कुणाचं लग्न असो की मयत, चहाच्या एका कपावर रंगवून सांगणारा माणूस. ही एकच तेवढी गिळून बसलोय.

नव्वदच्या दशकात सांगलीच्या विश्रामबागेत दोन खोल्यांत आमची कंपनी निघाली. साहेब पुण्याहून शिकून आलेले, मी त्यांचा पहिला नोकर. हवेच्या नोंदी बघून द्राक्षबागायतदारांना औषध कधी मारायचं ते कळवायचं, हा धंदा. साहेबांचा नियम एकच — इथे मत सांगायचं नाही, आकडा सांगायचा. दर शनिवारी तक्त्यापुढे उभं राहून ज्यानं त्यानं आपले आकडे वाचायचे. मला काय, आयता रंगमंच मिळाला.

कुंडल गावच्या एका द्राक्षबागेत दोन टोकांना दोन पेट्या होत्या. प्रत्येकीत दोन तापमापक — एक कोरडा, एक ओल्या वातीचा. दोघांतला फरक कमी झाला की हवा दमट, म्हणजे वेलीवर रोग येणार, औषध मारा. वरची पेटी सुभेदारमामांकडे. फौजेतून निवृत्त झालेले, गावातलेच. खालची माझ्याकडे. नोंद रोज सकाळी सातला.

रोज सातला मी कुंडलात? सांगलीत एकांकिकेच्या तालमी चालल्या होत्या आणि नायक मी होतो. आठवड्यातून दोनदा जायचो. बाकीचे आकडे एसटीत बसून लिहायचो — आणि काय सुरेख लिहायचो सांगू. एक दिवस थोडे चढवायचे, दुसऱ्या दिवशी थोडे उतरवायचे. साहेब माझी वही इतरांना दाखवायचे.

मग छाटणीनंतरचा एक आठवडा आला. मामांचे आकडे म्हणाले हवा दमट, माझे म्हणाले कोरडी. साहेबांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. मामांच्या वहीत खाडाखोड होती, कारण ते पुन्हा वाकून बघायचे. माझ्या वहीत कशी असेल? मी बहुतेक दिवस बघतच नव्हतो.

साहेबांनी मला विचारलं. खरं बोललो असतो तर काय झालं असतं — नोकरी गेली असती, एवढंच ना? मी म्हणालो, "मामांना आता बारीक रेषा दिसत नसाव्यात." आवाजात काळजीसुद्धा घातली.

मामा समोरच उभे होते. एवढंच म्हणाले, "आवं सायेब, फौजंत तोफंचं माप बघितलंय मी." साहेबांनी मामांची वही मिटली.

औषधाचा निरोप गेला नाही. तरी बाग हिरवीगार राहिली. का? बागवाल्यानं आमची वाट न बघता नेहमीच्या अंदाजानं औषध मारून टाकलं होतं. हे मला कळलं, साहेबांना नाही. त्यांनी तक्त्यापुढे जाहीर केलं की माझे आकडे खरे निघाले. टाळ्या पडल्या. मी वाकून नमस्कारही केला. मामांना पेटीवरून काढलं.

इथवर सांगायला मला जमतं. पुढचं —

चार दिवसांनी मामा माझ्या खोलीवर आले. तापमापक परत करायचा होता, पंच्यात गुंडाळून आणलेला. तो माझ्यापुढे धरून म्हणाले, "लेका, तू तरणा हाईस. मला सव्वीस दिसत्यात. काय हाय ते खरं सांग."

पारा सव्वीसवर होता. अगदी रेषेवर. 'हो' म्हटलं असतं तर ते तिथूनच साहेबांकडे गेले असते. मी तापमापक उजेडाकडे नेला, डोळे बारीक केले, वेळ घेतला — तालमीत शिकलेलं सगळं वापरलं.

"एकोणतीस, मामा."

त्यांनी तो परत घेतला. बराच वेळ बघत राहिले. मग टेबलावर अलगद ठेवला.

"मग डोळंच गेलं गड्या माजं. सायबास्नी सांग, चूक माजीच व्हती."

मी सांगितलं. शब्दन् शब्द.

त्यानंतर मामा बरीच वर्षं जगले. घड्याळ हातात असून वेळ सुनेला विचारायचे. त्यांचे डोळे शेवटपर्यंत शाबूत होते. हे मला माहीत होतं, आणि त्यांना नव्हतं.