बाबांना खरं सांगितलं तेव्हा

बाबांचा यकृताचा कॅन्सर हाताबाहेर गेलाय, हे पनवेलच्या डॉक्टरांनी मला आणि माझ्या भावाला केबिनमध्ये बसवून सांगितलं. बाबा बाहेर बाकावर होते. दार उघडण्याआधी भावाने माझा दंड धरला. "त्यांना कळता कामा नये. खचतील ते." मी मान डोलावली.

त्यानंतर घरात फक्त काविळीचं बोलणं सुरू झालं. आई कुठून कुठून झाडपाल्याचं औषध आणायची. भेटायला येणारे म्हणायचे, "होळीला नाचाल बघा!" बाबा हसायचे आणि ते गेले की भिंतीकडे तोंड करून पडायचे. मिठागरात जन्म गेलेला तो माणूस, अंगावर नुसती हाडं राहिली होती.

एका दुपारी आई देवळात गेली होती. मी खारघरच्या माझ्या घरून आले होते, त्यांना पेज भरवत होते. त्यांनी माझा हात बाजूला सारला.

"बाय, तू तरी खरं सांग. मी यातून उठत नाय ना?"

मला खोटं बोलवेना. "नाही, बाबा."

बाजूला सारलेला माझा हात त्यांनी धरला. मग म्हणाले, "बरं झालं बोललीस. एकट्याला लय भ्या वाटायचं."

मग ते बोलतच राहिले. मरणाचं नाही, दम कोंडण्याचं भय वाटतं म्हणाले. त्यांचा थोरला भाऊ आयसीयूत नळ्या लावलेला गेला, आम्ही सगळे काचेबाहेर. "मना तिकडं नेऊ नका." थोड्या वेळाने विचारलं, "आन जाळणार कुठं?"

आमचं गाव विमानतळात गेलं, खाडीकाठचं मसणही भरावाखाली गेलं. आजोबांना तिथंच अग्नी दिला होता. मी म्हटलं, "नव्या वसाहतीच्या स्मशानात."

"तिथं आपलं कोण हाय?"

मी पेजेची वाटी पुन्हा उचलली.

भावाला हे सगळं सांगितलं, तेव्हा तो माझ्यावर ओरडला, पण आयसीयूत न्यायचं नाही हे त्याने मानलं. आईलाही सांगून पाहिलं, तिने मात्र कानच बंद करून घेतले. बाबा म्हणायचे, "जवळ बस जरा, बोलायचं हाय." ती म्हणायची, "मना भात लावायचाय," आणि उठायची. दर वेळी तेच. तिच्याशी काय बोलायचं होतं, ते त्यांनी मलाही सांगितलं नाही.

ते घरीच गेले, सकाळी. जाणं सोपं नव्हतं. औषधाने वेदना कमी झाल्या, पण धाप थांबली नाही. भाऊ पाय चोळत होता, मी हात धरून बसले होते. आई स्वयंपाकघरात होती. हाक मारली तेव्हा आली, दारातच थांबली.

तिरडी बांधत होते, तेव्हा ती सगळ्यांदेखत माझ्याकडे वळली. "तू तोंडातून काढलंस, म्हणून गेले."

बांधणारे हात चालूच राहिले. भाऊही मान खाली घालून दोरी आवळत राहिला.

वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी भांडी आवरत होतो. वर न बघता ती म्हणाली, "माझी वेळ आली का मना काय सांगू नको."

"बरं, आई."

"शपथ घे."

मी शपथ घेतली. आता साधा खोकला झाला तरी ती माझ्या तोंडाकडे बघत राहते, आणि मी दुसरीकडे बघते.