सरळ नळ्या

अल रय्यानच्या मळ्यात मी ठिबकच्या नळ्या अंथरत होतो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला, तीही शेतीचीच. पण कतारच्या परमिटवर माझा हुद्दा प्लंबर, कारण कंपनीकडे तेव्हा तोच व्हिसा शिल्लक होता. मला इथं आणणारे मॅनेजरसाहेब आमच्याच तालुक्यातले. "हा मळा उभा राहू दे, हुद्दा बदलून देतो," असं त्यांनी सांगितलं होतं. प्लंबरच्या परमिटवर कुटुंब आणता येत नाही; हुद्दा बदलला की बायको आणि मुलगी इथं येऊ शकणार होत्या. मुलगी पहिलीत जायची होती. बायकोनं गावातल्या शाळेत तिचं नाव अजून घातलं नव्हतं.

काळी नळी उन्हात लांबते आणि गारठ्यात आखडते. द्राक्षबागेत वाढलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. वाळवंटात तर दुपार आणि पहाट यांत फारच फरक. म्हणून मी नळी ताणली नाही, नागमोडी सोडत गेलो.

भर दुपारी साहेब आले. "काय रे, साप सोडलेस काय मळ्यात?"

"ढील ठेवलीय, साहेब. आत्ता ताणून जोडली तर पहाटे आखडेल आणि जॉइनर निसटतील."

"कॉलेज गावाकडं ठेवून ये. उद्या मालक येणार, त्यांना रांगा दिसल्या पाहिजेत. यल्ला, ओढ सरळ!"

मी पुन्हा सांगून पाहिलं. त्यांनी स्वतः नळीचं टोक धरून ओढलं आणि जास्तीची नळी कापायला लावली. मालक आले, रांगा बघून खूश झाले, त्यांनी फोटो काढले. लगेच आम्हा कामगारांना द पर्ल बेटावरच्या कामाला पाठवलं.

आठवड्यानं परत बोलावणं आलं. पहाटे पाणी सुटायचं तेव्हाच जोड उघडे पडलेले असायचे. रांगांच्या तोंडाशी चिखल झाला होता आणि पुढची बोराची रोपं काडीसारखी वाळली होती. मालकांनी विचारलं, हे कुणी केलं? साहेब माझ्याकडं बोट करून इंग्रजीत म्हणाले, "हा साधा प्लंबर आहे, सर. याला झाडांतलं काय कळणार?"

मालकांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मी बोलायला तोंड उघडलं, तर साहेब मराठीत म्हणाले, "गप. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय."

सगळ्या नळ्या मीच पुन्हा अंथरल्या, नागमोडी. या वेळी कुणी सापांचं नाव काढलं नाही. काम संपल्यावर मी हुद्द्याचं विचारलं.

"आता कसं? मालक तापलेत. पुढच्या रिन्यूअलला बघू, इन्शाल्ला."

संध्याकाळी घरी फोन लावला. आधी वडील बोलले. "साहेबांना दुखवू नकोस बाबा. देवमाणूस आहे. त्यांच्यामुळं तू तिथं आहेस." यातलं शेवटचं वाक्य खरंच होतं. मला त्यांचे आभार मानायची इतकी सवय लागली होती की रागसुद्धा नीट येईना.

मग बायकोनं फोन घेतला. मी काही सांगायच्या आत तिनं विचारलं, "शाळेत नाव घालायची मुदत संपत आलीय. घालू का इथंच?"

"घाल," मी म्हणालो.

तिनं का म्हणून विचारलं नाही.